कॅम्प सेंच्युरी: बर्फासाठी मारलेला बोअर आणि तळाची माती

४ जुलै १९६६ रोजी ग्रीनलंडच्या वायव्य भागात, 'कॅम्प सेंच्युरी' या बर्फात खणलेल्या छावणीत, अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेचं ड्रिल १,३८७ मीटर बर्फ भेदून तळाला टेकलं. हिमस्तराच्या माथ्यापासून थेट पायथ्यापर्यंतचा गाभा, म्हणजे ड्रिलने कापून काढलेली बर्फाची उभी कांडी, त्याआधी जगात कुणी काढला नव्हता. काम फत्ते झालं होतं. तिथेच थांबले असते तरी कुणी नावं ठेवली नसती. पण ड्रिल चालू राहिलं आणि बर्फाखालच्या गोठलेल्या मातीत आणखी जवळजवळ साडेतीन मीटर उतरलं.

बर्फाचा गाभा तीन वर्षांत जगभर गाजला. मातीच्या कांड्या बरण्यांत भरून फ्रीझरमध्ये गेल्या आणि पन्नासेक वर्षं जवळपास विस्मृतीतच पडून राहिल्या. त्या बरण्या उघडल्यावर जे बाहेर आलं, ते बर्फाने सांगितलेल्या हकिकतीपेक्षा तसूभरही कमी नाही.

हे प्रकरण एरवी 'बर्फाखालचं अणुशहर' म्हणून रंगवून सांगितलं जातं. क्षेपणास्त्रं, गुप्त योजना, अणुभट्टी, सगळा मसाला त्यात आहेच. मला त्यातला खरा ऐवज निराळा वाटतो. भलत्याच कामाच्या ओघात हाती आलेली एक गोष्ट, तिचा उपयोग कुणालाच ठाऊक नसताना, जपून ठेवली गेली. त्याच जागी जे सहज टाकून दिलं गेलं त्याचा हिशेबही अजून मिटलेला नाही. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या तरच प्रकरण पुरतं कळतं.

छावणी

१९५१ साली अमेरिका आणि डेन्मार्क यांच्यात ग्रीनलंडच्या संरक्षणाचा करार झाला आणि थुले इथे अमेरिकेचा मोठा हवाई तळ उभा राहिला. १९५३ मध्ये त्या परिसरातल्या इनुगुइट शिकारी कुटुंबांना उत्तरेकडे कानाक इथे हलवण्यात आलं. जाण्याची मुदत काही दिवसांची होती. या भागात पुढे जे जे झालं, त्यात स्थानिकांना कुणी विचारल्याचं दिसत नाही, हे आत्ताच नोंदवून ठेवतो. शेवटी त्याचा संबंध येणार आहे.

थुलेपासून दोनशेहून अधिक किलोमीटर आत, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, १९५९ मध्ये छावणीचं काम सुरू झालं. तिथलं वर्षाचं सरासरी तापमान उणे २४ अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि हिवाळ्यात पारा उणे ५० च्याही खाली जायचा. बांधणीची पद्धत सरळ होती. स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या 'पीटर' जातीच्या हिम-नांगरांनी लांबलचक चर खणायचे, त्यांवर पन्हाळी पत्र्याच्या कमानी टाकायच्या आणि उकरलेला हिम पुन्हा त्यांवर फुंकायचा. यंत्रातून फुंकलेल्या हिमाचा एक गुण असा की त्याचा चुरा होऊन कण एकमेकांना चिकटतात आणि थोड्याच अवधीत घट्ट होतात. म्हणजे छप्पर आयतंच तयार. मग कमानी काढून घेतल्या तरी काही ठिकाणी ते तसंच उभं राहायचं. असे एकवीस चर होते. त्यातला सर्वांत मोठा, 'मेन स्ट्रीट', तीनशे मीटरहून लांब होता. आत लाकडी बराकी, स्वयंपाकघर, दवाखाना, चर्च, वाचनालय. ऐन भरात असताना दोनशेच्या आसपास माणसं तिथे राहायची.

१९६० मध्ये 'पीएम-२ए' नावाची सुटे भाग जोडून उभारता येणारी अणुभट्टी स्लेजवरून आणून बसवण्यात आली आणि त्याच वर्षी ती चालू झाली. पाण्यासाठी बर्फातच विहीर होती: वाफ सोडून खोलवरचा बर्फ वितळवायचा आणि साचलेलं पाणी उपसायचं. जेवणाच्या टेबलावरचं पाणी काही शतकांपूर्वी हिम म्हणून पडलेलं असायचं.

बाहेर सांगितलं जायचं ते असं की ध्रुवीय प्रदेशात बांधकाम कसं करावं आणि हिमाचा अभ्यास कसा करावा यासाठी ही छावणी आहे. हे अगदीच खोटं नव्हतं. पत्रकारांना फिरवून दाखवलं जायचं, चित्रफिती काढल्या गेल्या. एक अमेरिकी आणि एक डॅनिश असे दोन स्काउट एका हिवाळ्यासाठी तिथे राहायला गेले. डॅनिश मुलगा सोरेन ग्रेगर्सन पुढे भूभौतिकशास्त्रज्ञ झाला. लष्कराच्या मनात मात्र 'आइसवर्म' होता: बर्फाखाली हजारो किलोमीटर बोगदे, आणि रशियाला कुठून मारा होईल याचा पत्ता लागू नये म्हणून त्यात सतत हलवत ठेवलेली ६०० क्षेपणास्त्रं. डेन्मार्कने १९५७ मध्येच आपल्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत असं धोरण जाहीर केलं होतं. त्यामुळे ही योजना डॅनिश सरकारपुढे ठेवलीच गेली नाही. ती उघड झाली १९९७ मध्ये, एका डॅनिश संस्थेच्या चौकशी अहवालातून.

बर्फाने मोडलेला बेत

आइसवर्म राजकारणात अडकण्याआधी बर्फातच अडकली. हिमस्तर म्हणजे खडक, एकदा कोरला की कोरला, असा काहीसा हिशेब आखणाऱ्यांनी धरला असावा. बर्फ तसा वागत नाही. स्वतःच्या वजनाखाली तो सावकाश वाहतो. वर दरवर्षी नवा हिम पडतो, त्याच्या भाराने खालचा दाबला जातो, हवेच्या फटी मिटत जातात, भुसभुशीत हिमाचा आधी रवाळ, मग घट्ट, निळसर बर्फ होतो आणि तो बर्फ कडेच्या दिशेने पसरतो. चराच्या भिंती आत सरकू लागल्या, छतं खाली झुकू लागली. दर महिन्याला शंभराहून अधिक टन हिम तासून बाहेर काढावा लागे, तेव्हा कुठे वाट मोकळी राहायची. अणुभट्टीच्या दालनात तर भट्टीच्या उष्णतेची भर. दोनच वर्षांत तिथलं छत खाली येऊ लागलं आणि ते पुन्हा उंच करून घ्यावं लागलं. जुलै १९६३ मध्ये भट्टी बंद केली, पुढच्या उन्हाळ्यात उचलून नेली. १९६७ पर्यंत छावणीही सोडून दिली गेली.

हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांना बर्फ वाहतो हे शंभर वर्षं ठाऊक होतं. आल्प्समध्ये खुणेच्या काठ्या रोवून ते कधीच मोजून झालं होतं. ग्रीनलंडमध्येही कार्ल बेन्सन यांनी १९५२ ते १९५५ या काळात हिमस्तरावर मोठ्या मोहिमा काढल्या. जागोजागी खड्डे खणून, भिंतीवरचे थर वाचून, कुठे किती हिम पडतो आणि कुठे वितळतो याची मांडणी त्यांनी केली. थोडक्यात, ज्ञान हाताशी होतं. क्षेपणास्त्रांच्या बोगद्यांची स्वप्नं बघणाऱ्या टेबलापर्यंत ते पोचलं नाही, किंवा पोचूनही ऐकलं गेलं नाही. या प्रकरणातला मला सर्वांत ओळखीचा वाटणारा भाग हाच.

बोअर

त्याच छावणीच्या एका चरात लष्कराच्या शीत प्रदेश संशोधन प्रयोगशाळेची माणसं बोअर मारत होती. हेन्री बेडर हे स्विस वंशाचे हिमतज्ज्ञ या कल्पनेच्या मागे होते. लाइल हॅन्सन आणि हर्ब उएडा यांनी यंत्रं उभी केली. चेस्टर लँगवे यांच्याकडे गाभ्याचा अभ्यास आणि देखभाल.

सुरुवातीला तापलेल्या कड्याने बर्फ वितळवत खाली जाणारं ड्रिल वापरलं. पहिले बोअर अर्धवट सोडावे लागले. पुढचा पाचशे मीटरच्या थोडा पलीकडे गेला आणि तिथून ही पद्धत फार संथ ठरली. मग तेलविहिरींच्या जगातून एक जुनं विजेवर चालणारं ड्रिल आणलं गेलं. लांब पोलादी नळकांड्याच्या आतच मोटार, आणि सगळं धूड एका केबलवर लटकवलेलं. ते बनवणारे आर्माइस अरुतुनोव म्हणजे सबमर्सिबल पंपाचे जनक. आपल्याकडे गावोगावच्या बोअरमध्ये जो पंप सोडलेला असतो, त्याचं आणि या ड्रिलचं कूळ एकच.

बर्फात बोअर मारण्यातली खरी अडचण कापण्याची नसतेच. बर्फ वाहतो म्हणून भोक मिटू पाहतं. पाण्याने भरलं तर गोठतं, हवेने भरलेलं ठेवलं तर खोलवर दाबाने बंद होतं. इथे बोअर आर्क्टिक डिझेलने भरलं. नुसतं डिझेल बर्फापेक्षा हलकं, म्हणून त्यात जडपणासाठी ट्रायक्लोरोएथिलीन मिसळलं. कापलेला बर्फाचा चुरा अडकू नये म्हणून तळाशी ग्लायकॉल सोडलं, ते चुरा विरघळवून घेतं. आजच्या मानाने हे सगळं घाणेरडं रसायनकाम होतं, पण त्यावाचून तळ गाठता आला नसता. १९६६ च्या उन्हाळ्यात तो गाठला तेव्हा तळाचं तापमान उणे १३ अंश निघालं. म्हणजे इथे हिमस्तर खालच्या जमिनीला गोठून चिकटलेला होता. तळाशी पाणी असतं तर माती वाहून, घासून गेली असती. ती जागची जागी राहिली ती या उणे तेरामुळे.

तेच ड्रिल मग अंटार्क्टिकात बर्ड स्थानकावर गेलं, १९६८ मध्ये २,१६४ मीटरवर तिथलाही तळ गाठला आणि पुढच्याच हंगामात बोअरमध्ये अडकून कायमचं तिथे राहिलं.

मोजणी

गाभा काढणाऱ्यांना त्याचं नक्की काय करायचं हे पुरतं ठरलेलं नव्हतं. त्याचं सोनं केलं कोपनहेगनच्या विली डॅन्सगार्ड यांनी.

डॅन्सगार्ड यांची कल्पना १४ वर्षं जुनी होती. जून १९५२ मध्ये कोपनहेगनवर पाऊस देणारी ढगांची मोठी रांग येत होती. त्यांनी घराच्या हिरवळीवर बिअरची बाटली ठेवली, तिच्यात नरसाळं खोचलं आणि ठराविक वेळाने पाणी वेगळं काढत गेले. प्रयोगशाळेतल्या वस्तुमान वर्णपटमापकावर ते पाणी तपासलं. पाण्याचे काही रेणू जड असतात, त्यांच्यातला ऑक्सिजन नेहमीच्या १६ ऐवजी १८ वजनाचा असतो. वाफेचं पाणी होताना हे जड रेणू आधी गळून पडतात. हवा जितकी थंड होत जाईल तितका ढगातला जड वाटा आधीच संपलेला असतो आणि खाली पडणारं पाणी हलकं होत जातं. थोडक्यात, पाऊस असो की हिम, तो कोणत्या तापमानाला तयार झाला याची खूण त्याच्यातच असते. मग जुना हिम जिथे साठून आहे तिथे जुनं तापमानही साठून असणार, हा पुढचा विचार त्यांनी १९५४ मध्येच मांडला होता. जुना हिम मिळवायचा कुठून, एवढाच प्रश्न उरला होता.

डॅन्सगार्ड १९६४ मध्ये वेगळ्याच कामासाठी कॅम्प सेंच्युरीला जाऊन आले होते. बोअरच्या प्रकल्पात ते नव्हते. गाभा तळापर्यंत निघाल्याचं कळल्यावर त्यांनी लँगवे यांना पत्र लिहून संपूर्ण लांबीची समस्थानिकं, म्हणजे जड-हलक्या ऑक्सिजनचं प्रमाण, मोजून देण्याची तयारी दाखवली. लँगवे हो म्हणाले. अमेरिकी लष्कराचा बर्फ आणि डॅनिश प्रयोगशाळेचं यंत्र अशी ही गाठ पडली.

वरच्या थरांत काम सोपं होतं. उन्हाळ्याच्या हिमात जड ऑक्सिजन जास्त, हिवाळ्याच्या हिमात कमी, त्यामुळे वर्षं सरळ मोजता येतात. कॅम्प सेंच्युरीत वर्षाला बर्फाच्या मापात ३५ सेंटिमीटरच्या आसपास भर पडते. खोल जावं तसं मात्र वर्ष पातळ होत जातं. लाटणं फिरेल तशी पोळी पसरते आणि पातळ होते, तसंच वरच्या भाराखाली थर पसरून पातळ होतात. तळाजवळ तर वर्षं वेगळी ओळखूच येत नाहीत. तिथलं वय काढायला बर्फ कसा वाहतो याचं गणित मांडावं लागलं. जो प्रवाह बोगदे चिरडत होता, त्याच्याच गणितावर गाभ्याचं पंचांग उभं राहिलं.

१९६९ मध्ये डॅन्सगार्ड, सिगफुस जॉन्सन, मॉलर आणि लँगवे यांचा निबंध 'सायन्स'मध्ये आला. एक लाख वर्षांचा अखंड हवामान-आलेख, तोही एका जागेवरच्या बर्फातून. वरच्या टोकाला गेल्या दहा हजार वर्षांचा तुलनेने शांत, उबदार काळ. त्याखाली हिमयुग. आणि हिमयुगात मध्येच उसळणाऱ्या, पुन्हा कोसळणाऱ्या तापमानाच्या तीव्र लाटा.

या लाटांवर लगेच विश्वास बसण्यासारखा नव्हता, आणि बसलाही नाही. तळाजवळचा बर्फ घडी पडून, मिसळून गेला असेल, ही शंका रास्त होती. एका बोअरवरून जगाचं हवामान सांगणं म्हणजे एका विहिरीवरून जिल्ह्याची पाणीपातळी सांगण्यासारखं आहे. म्हणून डॅन्सगार्ड आणि बर्नचे हान्स ऑश्गर यांच्या गटाने अमेरिकेच्या साथीने दक्षिण ग्रीनलंडमध्ये, तिथून सुमारे १,४०० किलोमीटर दूर 'डाय ३' इथे दुसरा बोअर मारला. १९८१ मध्ये तो २,०३७ मीटरवर तळाला गेला, आणि त्याच लाटा तिथेही निघाल्या. १९९२ आणि १९९३ मध्ये हिमस्तराच्या माथ्यावर, एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, युरोपीय आणि अमेरिकी गटांनी तीन हजार मीटरहून खोल गाभे काढले तेव्हा उरलीसुरली शंका मिटली. काही दशकांतच ग्रीनलंडचं तापमान दहा अंशांच्या घरात चढल्याचे प्रसंग हिमयुगात पुन्हा पुन्हा घडले आहेत. आज त्यांना डॅन्सगार्ड-ऑश्गर घटना म्हणतात. हवामान हळूहळूच बदलतं हा समज त्यांनी मोडला.

बरण्या

इथवरची हकिकत पाठ्यपुस्तकात गेली. मातीचं काय?

१९८० च्या दशकात तळाच्या काही तुकड्यांची तपासणी झाली आणि त्यात गोड्या पाण्यातल्या डायाटम शैवालांचे सांगाडे सापडले. म्हणजे कधीतरी इथे उघडं पाणी होतं. पण कधी, हे सांगण्याचं साधन नव्हतं, आणि विषय तिथेच थांबला. दरम्यान लँगवे बफेलोच्या विद्यापीठात गेले, त्यांच्याबरोबर गाभेही गेले. १९९० च्या दशकात ते सगळं कोपनहेगनला पाठवलं गेलं. तिथे २०१७ च्या सुमारास शीतगृहाची हलवाहलव करायची म्हणून खोक्यांची यादी होत असताना काचेच्या बरण्या हाती लागल्या. त्यांवर लिहिलं होतं, कॅम्प सेंच्युरी, बर्फाखालचं.

२०१९ मध्ये व्हरमाँट विद्यापीठात काही नमुने पोचले. पॉल बीरमन आणि अँड्र्यू क्राइस्ट वाळूचे कण वेगळे करण्यासाठी माती धूत होते. हे काम कंटाळवाणं असतं: पाणी घालायचं, ढवळायचं, गढूळ पाणी ओतून टाकायचं, पुन्हा घालायचं. त्या पाण्यावर काळे ठिपके तरंगायला लागले. एरवी तो केरकचरा म्हणून ओतला गेला असता. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. त्या होत्या काटक्या, पानं आणि शेवाळाचे तुकडे. दीड किलोमीटरच्या आसपास बर्फाखाली दबलेल्या, वाळून गेलेल्या, तरी ओळखू येणाऱ्या.

वनस्पती सापडल्या म्हणजे जमीन उघडी होती, एवढं नक्की. प्रश्न तारखेचा. त्यासाठी दोन पद्धती लागल्या आणि दोन्ही १९६६ मध्ये हाताशी नव्हत्या.

पहिली वैश्विक किरणांची. उघड्या जमिनीवर अंतराळातून येणारे कण आदळत राहतात आणि क्वार्ट्झच्या कणांत अॅल्युमिनियम-२६ आणि बेरिलियम-१० तयार होतात. वर जाड बर्फ आला की ही भर थांबते आणि साठलेलं हळूहळू नष्ट होऊ लागतं. अॅल्युमिनियम-२६ निम्मं व्हायला सुमारे सात लाख वर्षं लागतात, बेरिलियम-१० ला जवळजवळ चौदा लाख. दोन घड्याळं वेगवेगळ्या गतीने मागे पडतात, आणि त्यांच्यातल्या फरकावरून बर्फाखाली किती काळ गेला ते काढता येतं. अशा नगण्य प्रमाणातले अणू मोजायचे तर कणत्वरक लागतो. ते तंत्र १९८० च्या दशकात रुळलं. या आणि इतर पुराव्यांवरून २०२१ मध्ये निष्कर्ष आला की गेल्या दहा लाख वर्षांत निदान एकदा तरी ही जागा बर्फमुक्त होती.

दुसरी पद्धत ल्युमिनेसन्सची, आणि तिने तारीख जवळ आणली. खनिजांचे कण अंधारात पुरलेले असताना भोवतालच्या नैसर्गिक किरणोत्सर्गाची ऊर्जा त्यांच्या स्फटिकात साठत जाते. त्यांना ऊन लागलं की ती क्षणात मोकळी होते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. म्हणून या चाचणीसाठी पुरल्यापासून एकदाही प्रकाश न पाहिलेला नमुना लागतो. कांडीची बाहेरची बाजू बोअरमधून वर येताना, हाताळताना उजेडात आलेली. आतला भाग मात्र गोठलेल्या अवस्थेत बंदच राहिला होता. तो अंधाऱ्या प्रयोगशाळेत काढून तपासला. जुलै २०२३ मध्ये उत्तर प्रसिद्ध झालं: वरच्या मातीने शेवटचं ऊन पाहिलं ते ४,१६,००० वर्षांपूर्वी, ३८,००० वर्षं अलीकडे किंवा पलीकडे. ही माती वाहत्या पाण्याने साचवली होती.

१९६६ मध्ये कुणी हौसेने सगळ्या कांड्या फोडून, उजेडात पसरून, वाळवून तपासल्या असत्या तर ही तारीख कधीच मिळाली नसती. दुर्लक्षाने इथे उपकारच केले. अर्थात हे दुर्लक्ष उणे तापमानातलं होतं. वीजबिल कुणीतरी भरत होतं, यादी कुणीतरी ठेवत होतं, आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाताना 'हे नको, फेका' असं कुणी म्हणालं नाही. संशोधनाच्या अनुदानात बोअरसाठी पैसे मागणं सोपं, शीतगृहासाठी मागणं कठीण. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले हिमगाभे उणे २० अंशांत ठेवलेले आहेत. बाहेर कोकणपट्टीचा दमट उन्हाळा. तिथे एका कपाटाची जागा पन्नास वर्षं अडवून ठेवायचं समर्थन एखाद्या बैठकीत कसं करायचं, ते त्या केंद्रातल्या माणसांनाच विचारावं.

४,१६,००० वर्षांपूर्वीचा काळ म्हणजे एक लांबलेला उबदार कालखंड. तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे २८० च्या आसपास होता, औद्योगिक क्रांतीच्या आधी होता तितकाच. आज तो ४२० च्या वर आहे. तेव्हाच्या त्या २८० नेही, पुरेसा वेळ मिळाल्यावर, वायव्य ग्रीनलंड उघडा पडला होता. कॅम्प सेंच्युरीची जागा बर्फमुक्त व्हायची तर ग्रीनलंडचा किती बर्फ गेला असला पाहिजे, याचा हिशेब संगणकावर मांडला गेला. कमीत कमी अंदाज निघाला जगाची समुद्रपातळी १.४ मीटरने वाढण्याइतका. ग्रीनलंडचा सगळा बर्फ गेला तर ही वाढ सात मीटरहून थोडी अधिक असेल.

यात एक गंमत आहे, ती मुंबईकरांनी लक्षात घ्यावी. इतका मोठा हिमस्तर स्वतःच्या गुरुत्वाने भोवतालचा समुद्र आपल्याकडे ओढून धरतो. तो वितळला की ओढ कमी होते, आणि ग्रीनलंडच्या किनाऱ्यालगत पाणी चक्क उतरतं. ते चढतं दूरवर, आणि अरबी समुद्र पुरेसा दूर आहे.

टाकून दिलेलं

१९६७ मध्ये छावणी सोडताना भट्टी नेली, बाकी सगळं तिथेच राहिलं. पडेल तो हिम ते कायमचं गाडून टाकेल, असं गृहीत धरलं होतं. २०१६ मध्ये विल्यम कोल्गन आणि सहकाऱ्यांनी जुन्या कागदपत्रांवरून त्याची मोजदाद केली: सुमारे ५५ हेक्टरांवर पसरलेलं ९,२०० टन बांधकाम आणि सामान, दोन लाख लिटर डिझेल, दोन कोटी चाळीस लाख लिटर सांडपाणी, पीसीबीसारखी घातक रसायनं आणि भट्टीच्या थंडाव्याचं किंचित किरणोत्सर्गी पाणी. उत्सर्जन असंच बेसुमार चालू राहिलं तर २०९० च्या सुमारास तिथे पडणाऱ्या हिमापेक्षा वितळणारा बर्फ जास्त होऊ शकतो, असं त्यांचं प्रतिमान सांगत होतं.

बातम्यांनी यातला 'अणुकचरा' तेवढा उचलला. खरी काळजी पीसीबीची, कारण ते नष्ट होत नाही आणि सील-माशांमार्फत अन्नसाखळीत चढत जातं. त्या किनाऱ्यावर शिकारीवर जगणारी माणसं आहेत. तीच, ज्यांना १९५३ मध्ये हलवलं होतं.

डेन्मार्कने २०१७ मध्ये त्या जागी देखरेख सुरू केली. स्वयंचलित हवामान केंद्र उभारलं, उथळ गाभे काढले, रडारने मलबा शोधला. तो वरून सुमारे ३० मीटर खाली सापडला. त्या मोजमापांवर बेतलेलं २०२१ चं प्रतिमान बरंच दिलासा देणारं निघालं. वितळलेलं पाणी वरच्या थंड हिमातच पुन्हा गोठतं आणि २१०० पर्यंत ते मलब्यापर्यंत पोचण्याची शक्यता दिसत नाही. मला हे दुसरं उत्तर अधिक भरवशाचं वाटतं, कारण त्यामागे तिथल्या हिमाचं प्रत्यक्ष तापमान आणि घनता आहे. पण उत्तर फक्त या शतकापुरतं आहे. पीसीबीला शतकाचं बंधन नाही.

एप्रिल २०२४ मध्ये नासाचं एक विमान हिमस्तराचा तळ शोधण्यासाठी नवं रडार तपासत होतं. त्याच्या चित्रात अचानक चौकोनी, सरळ रेषांचे आकार उमटले आणि ते कॅम्प सेंच्युरीचे चर निघाले. नोव्हेंबरमध्ये ते चित्र जगभर फिरलं. ग्रीनलंडला २००९ पासून स्वशासन आहे, छावणी अमेरिकेची होती, करार डेन्मार्कने केला होता. हे कधी काळी उकरून काढायची वेळ आली तर खर्च कुणी करायचा, याचं तिघांना मान्य असलेलं उत्तर अजून कागदावर आलेलं नाही. हवामान केंद्र चालू आहे आणि किती हिम पडला, किती खोलवर तापमान किती, याच्या नोंदी तिथून येत राहतात.